सातव्या वर्षाचं गुपित

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘उंबऱ्याआड’. हुंडा, मारहाण, म्हाताऱ्यांची आबाळ यांवर दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितंच. मला जी गोष्ट लिहायची होती ती उंबऱ्याच्याही आतली. त्या घरातल्या पुरुषांनाही ती बहुधा धड ठाऊक नसते. जिच्या बाबतीत ती घडते त्या मुलीला सातव्या वर्षीच बजावलेलं असतं, की हे कुणापाशी बोलायचं नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं ती खरोखरच बोलत नाही, पाठच्या बहिणीपाशीही नाही.

दाऊदी बोहरा समाजात या गोष्टीला खतना म्हणतात. धर्माच्या भाषेत खफ्झ. मुलगी सात वर्षांची झाली, की तिच्या शिश्निकेवरच्या त्वचेचा तुकडा कापून काढतात. कापणाऱ्या हाताचा अंदाज चुकला तर शिश्निकेचाही भाग जातो. वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या जननेंद्रियाला केलेली कोणतीही इजा जागतिक आरोग्य संघटना जननेंद्रिय-विच्छेदनात धरते. त्याचे तिनं चार प्रकार केले आहेत. खतना पहिल्या प्रकारात मोडतो. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार आज जगात ज्यांच्यावर हे झालं आहे अशा मुली आणि बायका २३ कोटींहून अधिक आहेत. ही मोजदाद ३१ देशांतली आहे आणि त्यात भारत नाही. आपल्याकडे कुणी मोजलेलंच नाही.

या लेखासाठी मी पुण्या-मुंबईतल्या ज्या बायकांना भेटले, त्यांची नावं इथं नाहीत. कुणाचं गाव, कुणाचं वय, कुणाचा व्यवसाय मी मुद्दाम बदलला आहे. त्यांची तेवढीच अट होती आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटली.

नानी, आई, मुलगी

रविवार पेठेतली बोहरी आळी ठाऊक नाही असा पुणेकर विरळा. सुतळी, कुलपं, ताडपत्री, केकचे साचे, दिवाळी आली की आकाशकंदिलांचं सामान, लागेल ते इथं मिळतं. गल्ल्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले भाई. फिकट गुलाबी, पिस्ता किंवा आकाशी रंगाचा, लेस लावलेला रिदा घातलेल्या बायका. आपण पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडून खिळे-मोळे घेत आलो. त्यांच्या माळ्यावर काय शिजतं, कोण हसतं, कोण रडतं, हे विचारायची वेळ आपल्यावर कधी आली नाही.

अशाच एका दुकानामागच्या घरात पासष्टीच्या एक बाई मला भेटल्या. जन्म भेंडीबाजारातला, लग्न होऊन पुण्यात आलेल्या, मराठी माझ्याइतकंच सराईत. आधी अर्धा तास त्यांनी गुडघेदुखीवर बोलून घेतलं. मग दार लोटलं.

“नानी म्हणाली, चल, बाहेर जाऊ. आईस्क्रीम देते. नवा फ्रॉक घातला मला. दुसऱ्या माळ्यावर एका म्हातारीची खोली होती. पुढचं मी सांगत नाही ताई, तुम्ही समजा. येताना नानीनं खरंच आईस्क्रीम दिलं. नानीचा राग मला कधी आला नाही. आईचा आला. ती दारात उभी होती.”

“तुमच्या मुलीचं?”

“केलं. सासूबाईंनी विचारलं, सात पूर्ण झाली ना? मी घेऊन गेले.” त्या थोडं थांबल्या. “मी पण दारातच उभी होते.”

त्यांची मुलगी मुंबईत असते. चाळिशीला टेकलेली, बँकेत अधिकारी. तिला मी वेगळी भेटले. तिची मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि तिचा खतना झालेला नाही. ते तिनं कसं जमवलं हे ऐकून मी क्षणभर बघतच राहिले. सासूबाईंना तिनं सांगितलं, की पुण्याला आईकडे गेले होते तेव्हा उरकून घेतलं. आईला सांगितलं, मुंबईत सासूबाईंनी केलं. दोन्ही आज्या निर्धास्त. आईला खरं काय ते तिनं मागच्या वर्षी सांगितलं. सासूबाईंना अजून नाही.

अशा मुली किती असतील, कुणी सांगू शकत नाही. पण मी जिथं जिथं विचारलं, तिथं अशी एखादी तरी ऐकली. खोटं बोलून वाचवलेली. आणि हे खोटं पचतं, कारण झालं की नाही हे तपासणारं कुणी नाही. लग्न ठरवताना कुणी विचारत नाही. सगळा व्यवहार बायका-बायकांतला, कुजबुजीतला. “झालं” एवढं म्हटलं की विषय संपतो.

या प्रथेचं मर्म मला इथं सापडलं असं वाटतं. गुपितामुळे एक एकटी आई आपल्या मुलीला वाचवू शकते, हे खरं. पण तिनं “झालं” म्हटलं, की शेजारची आई समजते, हिनंसुद्धा केलं म्हणजे सगळ्याच करतात. मग ती आपल्या मुलीला घेऊन जिना चढते. मनातून दोघींनाही नको असतं आणि दोघीही दुसरीला हवं आहे असं धरून चालतात. एका मुलीला वाचवणारं तेच खोटं दुसरीला त्या खोलीत पोचवतं. म्हणून या प्रथेला संपवायचं तर एकेकीनं गुपचूप निसटून भागत नाही. एकमेकींना दिसेल असं, मिळून नको म्हणावं लागतं.

कारणं बदलली, कापणं तेच

का करतात, हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारला. साठीच्या पुढच्या बायका म्हणाल्या, ‘हरामनी बोटी’ असते ती, पापाचा तुकडा. ठेवली तर पोरगी वाया जाते. पन्नाशीतल्या म्हणाल्या, तहारत, म्हणजे शुद्धी. धर्मात आहे, मुलांची सुन्नत होते तशी मुलींची. तिशीतली एक म्हणाली, तिला आत्यानं स्वच्छतेचं कारण सांगितलं होतं. आणि अलीकडे समाजातल्याच काही जणी असंही सांगू लागल्या आहेत, की यानं वैवाहिक सुख वाढतं. वासना दाबायला म्हणून ज्या गोष्टीचं एका पिढीनं समर्थन केलं, तिचंच पुढच्या पिढीनं नेमकं उलटं कारण सांगितलं. वैद्यकशास्त्राला यात आरोग्याचा एकही फायदा आढळलेला नाही. उलट वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पुढं लैंगिक संबंधांत त्रास यांची नोंद आहे.

कुराणात याचा उल्लेख नाही. भारतातले बहुसंख्य मुसलमान हे करत नाहीत, इतर बहुतेक शियासुद्धा करत नाहीत. बोहरा धर्मपीठ आधार देतं तो दहाव्या शतकातल्या फातिमी धर्मशास्त्री काझी नुमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या ग्रंथाचा. व्यापाराच्या वाटेनं येमेनशी जोडलेला, गुजरातेत वाढलेला आणि आता मुंबई हे मुख्य ठाणं असलेला हा समाज जगभरात दहा लाखांच्या आसपास. शिकलेला, उद्योगी, मुलींना डॉक्टर-सीए करणारा. खतन्याची गोष्ट प्रथम ऐकणारा म्हणूनच चक्रावतो: इतक्या शिकलेल्या घरांत हे कसं टिकलं?

टिकलं, कारण इथं शिक्षणापेक्षा जमातीचं असणं मोठं आहे. वयात येताच प्रत्येक बोहरा मुलगा-मुलगी मिसाक घेते, म्हणजे धर्मगुरू सय्यदना यांच्याशी निष्ठेची शपथ. गावोगावी त्यांचे आमिल, म्हणजे प्रतिनिधी असतात. निकाह त्यांच्या परवानगीनं, मय्यत त्यांच्या परवानगीनं, मशिदीत प्रवेश जमातीच्या ओळखपत्रावर. मर्जी मोडली तर बरात, म्हणजे बहिष्कार. त्याचे चटके मुंबईनं जवळून पाहिले आहेत. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सय्यदनांच्याच याचिकेवर घटनाबाह्य ठरवला. असगर अली इंजिनिअर यांनी सुधारणेची बाजू आयुष्यभर लढवली आणि आयुष्यभर बहिष्कार सोसला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्रानं नवा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. पण कायदा आहे म्हणून आईच्या मय्यतीच्या दिवशी आमिलांशी वाद घालायची छाती किती जणांची होईल?

“माझ्या धंद्यातली सगळी गिऱ्हाइकं, सगळे पुरवठादार आपलेच,” मुंबईतले एक व्यापारी मला म्हणाले. त्यांनी आपल्या मुलीचा खतना होऊ दिला नाही. “उद्या कार्ड बंद झालं तर मी दुकान उघडून बसायचं कुणासाठी?”

पहिल्यांदा बोललेल्या

इतक्या दाट शांततेत पहिलं भगदाड पडलं ते २०११ मध्ये. ‘तस्लीम’ एवढंच नाव घेऊन एका बोहरा स्त्रीनं सय्यदनांना उद्देशून इंटरनेटवर याचिका टाकली: हे थांबवा. पुढच्याच वर्षी प्रिया गोस्वामी या तरुण दिग्दर्शिकेचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट आला. त्यात बोलणाऱ्या बायकांचे चेहरे दिसत नाहीत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली आणि बोहरा घरांतून तो लॅपटॉपवर, दारं लावून पाहिला गेला.

चेहरे दिसायला २०१५ उजाडावं लागलं. त्या वर्षी मासूमा रानलवी यांनी स्वतःची हकिगत नावानिशी लिहिली. डिसेंबरात सतरा बोहरा बायकांनी आपापल्या नावानं खतना बंद करण्याची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. त्यातून ‘वी स्पीक आउट’ ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षी पाच जणींनी ‘सहियो’ सुरू केली: पत्रकार आरिफा जोहरी, चित्रपट दिग्दर्शिका इन्सिया दरीवाला, संशोधक शहीदा तवावाला-कीर्तने, अमेरिकेतल्या मारिया ताहेर आणि त्याच प्रिया गोस्वामी.

सहियोनं जगभरातल्या ३८५ बोहरा बायकांकडून माहिती गोळा केली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ८० टक्के जणींचा खतना झालेला होता आणि ८१ टक्के जणी म्हणत होत्या, पुढं हे नको. ऑनलाइन प्रश्नावली आपण होऊन भरणाऱ्या बायका साऱ्या समाजाच्या प्रतिनिधी मानता येत नाहीत, हे मान्य. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांचं झालं त्यांनाच ते नको आहे. फक्त शेजारणीलाही ते नको आहे हे त्यांना ठाऊक नाही. २०१८ मध्ये लक्ष्मी अनंतनारायण, शबाना दिलेर आणि नताशा मेनन यांनी भारतात प्रत्यक्ष भेटून अभ्यास केला. त्यांच्याशी बोललेल्यांच्या सात वर्षांवरच्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झाला होता. म्हणजे इच्छा एक आणि आचार दुसरा. मधे उभी आहे ती न बोलण्याची भिंत.

२०१६ मध्ये सहियोनं एक साधी हाक दिली: प्रत्येकीनं एकीशी बोलायचं. मोर्चा नाही, पत्रकार परिषद नाही. आपल्या ओळखीतल्या एका बोहरा बाईपाशी खतन्याचा विषय काढायचा, बस्स. चळवळ म्हणून मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. ज्या प्रथेचा सगळा कारभार एका बाईनं दुसऱ्या बाईच्या कानात सांगून चालतो, तिला उत्तरही त्याच वाटेनं जायला हवं.

थालाभोवती

त्यानंतर मुंबईत ‘थाल पे चर्चा’ सुरू झाली. बोहरा जेवण आणि मनमोकळं बोलणं, खाजगी घरात, ओळखीतून आलेल्यांसाठी. त्याच धर्तीवर मुंबईच्या एका उपनगरात काही मैत्रिणी अधूनमधून जमतात. त्यांच्यात एकदा बसायची मला परवानगी मिळाली. फोन दाराशी टोपलीत ठेवायचे, एवढा नियम.

खोलीत सफरा अंथरलेला, त्यावर घडवंची आणि घडवंचीवर मोठा थोरला थाल. भोवती आठ जणी मांडी घालून. सर्वांत धाकटी चिलमची आणि लोटा घेऊन फिरली, प्रत्येकीच्या हातावर पाणी घातलं. मग मिठाची वाटी आली. चिमूट जिभेला लावल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आधी मिठास, मग खारास, मग पुन्हा मिठास, असा क्रम. मलिदा फिरला, त्यामागून खिम्याचे समोसे, मग दाळ-चावल आणि पलीदू. प्रत्येकीनं थालातला आपल्या समोरचाच भाग खायचा, दाणा टाकायचा नाही. माझ्यासमोरचा भात उरला तसा शेजारच्या बाईनं तो न विचारता आपल्याकडे ओढला. एका ताटात जेवणारी माणसं एकमेकींना टाकत नाहीत, आणि टाकलं तर तेही पहिल्यांदा ताटावरच कळतं. बहिष्काराची भीती काय असते ते मला पुस्तकांपेक्षा त्या थालापाशी जास्त कळलं.

बोलणं सुरू झालं ते सासवांवरून. खतन्यावर यायला समोसे संपावे लागले. एकीनं सांगितलं, तिला आयुष्यभर वाटत होतं की ते स्वप्न होतं. कॉलेजात असताना लेख वाचला तेव्हा खोली, दिवा, चादरीचा रंग सगळं परत आलं. दुसरीला काहीच आठवत नव्हतं. काही त्रासही नव्हता. “मग मी इथं बसायला लायक आहे ना?” असं तिनं अगदी कळवळून विचारलं आणि तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, “आहेस ग!” तिसरी म्हणाली, माझा विरोध नाही, विरोध करणाऱ्यांचाही राग नाही, फक्त माझ्या मुलीबद्दल ठरवायला मला वेळ हवा आहे. तिच्यावर कुणी तुटून पडलं नाही. “मुलगी किती वर्षांची?” एवढंच एकीनं विचारलं. पाच.

मग व्यवहाराच्या गोष्टी निघाल्या. सासू विचारते तेव्हा काय म्हणायचं? एकीचा सल्ला, थेट नाही म्हणू नका, “डॉक्टर नको म्हणाले” म्हणा. दुसरी उसळली, “असं म्हटलं की डॉक्टर बदलतात.” आमिलांच्या पत्नी, बेनसाहेब, बायकांच्या मजलिशीत विचारतात तेव्हा? यावर बराच खल झाला. शेवटी एक साठीच्या बाई बोलल्या. त्यांनी आपल्या थोरल्या नातीचा खतना स्वतः करवून घेतला होता आणि धाकटीचा होऊ दिला नाही. “बेनसाहेब विचारतात तर मला पाठवा. माझं आता काय जातंय? तुम्ही पोरींनी कशाला तोंड द्यायचं. नको म्हणायचं काम आज्यांनी करावं. करायचं कामही आम्हीच केलं ना?”

मी तोवर समजत होते, की ही लढाई तरुण मुलींची आहे आणि आज्या पलीकडच्या बाजूला आहेत. त्या बाईंना ऐकल्यावर वाटलं, प्रथेची किल्ली ज्यांच्या कमरेला आहे त्यांना वळवल्याशिवाय कुलूप उघडणार नाही.

मालिकुंडा आणि हेरवाड

मिळून ‘नको’ म्हणणं म्हणजे काय, याचं जगातलं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचं आहे. तिथं मोली मेल्चिंग या अमेरिकन बाईंनी १९९१ मध्ये ‘तोस्तान’ ही संस्था काढली. ती खेड्यांत स्थानिक भाषांतून वर्ग चालवायची: लिहिणं-वाचणं, आरोग्य, हिशेब, माणसाचे हक्क. जननेंद्रिय कापण्याविरुद्ध मोहीम म्हणून कुणी गेलं नव्हतं. मालिकुंडा बांबारा गावातल्या बायका या वर्गांत बसल्या, आपसात बोलल्या आणि ३१ जुलै १९९७ रोजी त्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं, की आमच्या गावात यापुढं मुलींना कापणार नाही.

आजूबाजूची गावं संतापली. तेव्हा केर सिंबारा या गावचे वृद्ध इमाम देंबा दियावारा यांनी मेल्चिंगबाईंना एक गोष्ट समजावून दिली. आमच्या सोयरिकी दहा गावांत पसरल्या आहेत. एका गावानं सोडलं तर त्या गावच्या मुलींना स्थळं मिळणार नाहीत. सोडायचं तर सोयऱ्यांनी मिळून सोडायचं. मग ते स्वतः पायपीट करत त्या गावांत गेले, नातेवाइकांच्या ओसरीवर बसले, उपदेश न करता विचारत राहिले. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू इथं तेरा गावांनी एकत्र घोषणा केली. सेनेगलचा बंदीचा कायदा त्यानंतर, १९९९ मध्ये आला. तोस्तानच्या कामातून आजवर वेगवेगळ्या देशांतल्या आठ हजारांहून अधिक वस्त्यांनी अशा घोषणा केल्या आहेत. तरी पाहण्यांनुसार सेनेगलमधल्या दर चार बायकांमागे सुमारे एकीवर हे झालेलं आहे. घोषणेनं एका रात्रीत काही संपत नाही. काही ठिकाणी लपूनछपून, आणखी लहान वयात उरकतात. पण करणं हा नियम आणि न करणं हा अपवाद होता, तो तोल त्या गावांत उलटला.

हे वाचताना मला आपलं हेरवाड आठवत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये तिथं ठराव झाला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. त्याआधी एखाद्या सुनेनं बांगड्या फोडू दिल्या नसत्या तर भावकीनं तिला वेडी ठरवलं असतं. गावानं मिळून ठराव केला आणि तिचा एकटीचा हट्ट गावाचा निर्णय झाला.

बोहऱ्यांचं कोडं मात्र सेनेगलहून वेगळं आहे. इथं लग्नाचा अडसर नाही, कारण लग्नात कुणी विचारतच नाही. इथं गावसभाही नाही. जमातखाना आहे, पण तिथं हा विषय काढायची मुभा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईतल्या प्रवचनात सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांनी हे काम झालंच पाहिजे, मुलग्यांचं उघडपणे आणि मुलींचं गुप्तपणे, अशा आशयाचं सांगितल्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं होतं. सभा भरवायला मैदान नसलेल्या या बायकांनी म्हणून थालाला सभा केलं.

कात्री कुणाच्या हाती

म्हाताऱ्या कापणाऱ्या बायका आता कमी होत चालल्या आहेत. त्यांची जागा दवाखान्यांनी घेतली. बधीर करून, निर्जंतुक हत्यारानं, डिग्री लटकवलेल्या खोलीत. मला भेटलेल्या काही आया याला सुधारणा समजत होत्या, “निदान डॉक्टरकडे तरी नेलं”. मला हे जास्त धोक्याचं वाटतं. कळकट खोलीतल्या म्हातारीचा धाक जायला दोन पिढ्या पुरल्या असत्या. पांढऱ्या कोटानं केलेली गोष्ट मात्र शास्त्रीय वाटू लागते. २०१७ मध्ये सहियोनं केरळमध्ये कोझिकोडला एका दवाखान्यात बोहरा नसलेल्या घरांसाठीही असं चालत असल्याचं उघडकीला आणलं. म्हणजे प्रश्न बोहऱ्यांपुरता नाही.

इथं आपल्याच इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडेल. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. आज ज्या डॉक्टरांच्या हाती हे हत्यार आहे त्यांच्या संघटनांनी तेवढं स्पष्ट बोलायला काय हरकत आहे? रुग्णाला गरज नसलेली शस्त्रक्रिया, तीही लहान मुलीवर, करू नये, हे सांगायला नवा कायदा लागत नाही.

दिल्लीतली फाइल

कायद्याचं काय, असं वाचक विचारतील. भारतात या प्रथेविरुद्ध वेगळा कायदा नाही. २०१७ मध्ये ॲड. सुनीता तिवारी यांनी सर्वोच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका केली. त्याच डिसेंबरात महिला व बालविकास मंत्रालयानं न्यायालयाला सांगितलं, की ही प्रथा भारतात असल्याची अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. मोजलं नाही म्हणून नाही, आणि नाही म्हणून मोजायचं नाही. ज्यांचा खतना झाला आहे त्या बायकांनी हे वाचलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? एकीनं मला सांगितलं, की तिनं ती बातमी नवऱ्याला वाचून दाखवली आणि पहिल्यांदाच त्याला आपलं झालं होतं ते सांगितलं. लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

पुढं केंद्राचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी बंदीच्या बाजूनं भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूनं ‘दाऊदी बोहरा विमेन्स असोसिएशन फॉर रिलिजस फ्रीडम’ उभी राहिली. खफ्झ म्हणजे विच्छेदन नव्हे, तो निरुपद्रवी विधी आहे आणि आम्हाला आमचा धर्म पाळू द्या, असं या संघटनेतल्या बायकांचं म्हणणं. त्यांची श्रद्धा मी खोटी मानत नाही. पण श्रद्धा ज्या शरीराबद्दल बोलते ते सात वर्षांच्या मुलीचं आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. प्रौढ बाईनं स्वतःच्या शरीराबद्दल ठरवावं. मुलीच्या शरीराबद्दल आईलाही तो अधिकार असू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवलं गेलं. २०१९ मध्ये शबरीमला पुनर्विचाराच्या निकालात ते धर्मस्वातंत्र्याच्या इतर प्रश्नांबरोबर जोडलं गेलं आणि आणखी मोठ्या पीठाच्या वाटेला लागलं. याचिका दाखल झाली तेव्हा सात वर्षांची असलेली मुलगी आता कॉलेजच्या वयाला येऊन ठेपली आहे.

कायद्यानं काय होतं याचा दाखला याच समाजात आहे. ऑस्ट्रेलियात दोन बोहरा बहिणींच्या प्रकरणात २०१५ मध्ये तिघांना दोषी ठरवलं गेलं. मधल्या अपिलात निकाल फिरला, पण २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारची बाजू उचलून धरली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, सिडनी, लंडनसारख्या ठिकाणच्या जमातींनी पत्रकं काढून आपल्या लोकांना कळवलं, की हे इथल्या कायद्याविरुद्ध आहे, करू नका. धर्म तोच, धर्मगुरू तेच. कायदा असेल तिथं पत्रक निघू शकतं आणि मुंबईत मात्र मुलीला जिना चढावा लागतो. सुट्टीत परदेशातून मुलींना इथं आणून उरकून घेतात, असंही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. कायदा नसणं म्हणजे जगभरच्या मुलींसाठी आपण उघडं ठेवलेलं दार आहे.

तरी कायद्यानं सगळं होईल असं त्या थालाभोवतीच्या एकीलाही वाटत नव्हतं. तक्रार करायची कुणी? सात वर्षांच्या मुलीनं आजीविरुद्ध? कायदा आईच्या हातात एक वाक्य देईल, “तुरुंगात जावं लागेल” असं. ते सासूपुढं उच्चारण्याची हिंमत मात्र शेजारणीनं द्यायची असते.

भावाशी बोलायचं आहे

पुरुषांबद्दल शेवटी, कारण ते शेवटीच आले. बऱ्याच जणांना काही ठाऊक नसतं, काहींना असतं आणि ते ‘बायकांचा मामला’ म्हणून अंग काढून घेतात. बोहरी आळीतले एक तरुण दुकानदार मला म्हणाले, मुलीचं सातवं वर्ष कधी उलटलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. बायकोनं नंतर सांगितलं. “तिनं आधी विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो.” त्यांची बायको शेजारीच बसली होती. “विचारायचं कसं?” ती म्हणाली. “तुम्ही कधी विचारलंत, माझं काय झालं होतं म्हणून?” त्यावर ते गप्प झाले, आणि मग माझ्यादेखतच त्यांनी तिला विचारलं. मी उठून खाली दुकानात जाऊन बसले.

आता काही बैठकांना नवरे आणि भाऊही येऊ लागले आहेत. उपनगरातल्या त्या घरातून निघताना, टोपलीतून आपापले फोन उचलत सगळ्या जणी पुढच्या वेळचं ठरवत होत्या. मुलगी पाच वर्षांची असलेली ती आई म्हणाली, पुढचं जेवण माझ्याकडे, पण आदितवारी नको, सासूबाई घरी असतात. चिलमची घेऊन फिरलेल्या धाकटीला घाई होती. जिन्यात तिनं मला सांगितलं, “जानेवारीत माझ्या भाचीला सात पूर्ण होतात. त्याच्या आधी भावाशी बोलायचंय. तो ऐकेल. वहिनीपण ऐकेल बहुतेक. वहिनीच्या आईचं काही सांगता येत नाही, म्हणून त्या मोठ्या बेनना सोबत घेऊन जाणार आहे.”